फेडरलचे फ्लाइटकंट्रोल बकशॉट: घरासाठी उत्तम, शिकारीसाठी वेगळे घ्यावे

अमेरिकेत शॉटगन घेणारा माणूस बंदुकीचा विचार महिनाभर करतो आणि काडतुसे मात्र दुकानात जी स्वस्त दिसतील ती उचलतो. वास्तविक समोर काय आणि कुठे लागणार हे बहुतांशी काडतूसच ठरवते, आणि त्यातही छर्ऱ्यांइतकेच महत्त्व त्यांना धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या वॅडला असते. फेडरल कंपनीचे १२ गेजचे (म्हणजे १२ बोअरचे), आठ छर्ऱ्यांचे, सेकंदाला १,१४५ फूट वेगाचे फ्लाइटकंट्रोल डबल-ऑट बकशॉट हे याचे चांगले उदाहरण आहे. बकशॉट म्हणजे मोठे छर्रे आणि डबल-ऑट हे त्यांचे एक माप.

डबल-ऑटचा छर्रा ०.३३ इंच, म्हणजे सुमारे ८.४ मिलिमीटर व्यासाचा असतो; गावाकडे ज्यांनी खडकीच्या कारखान्याची १२ बोअरची काडतुसे हाताळली आहेत, त्यांनी तो साधारण एसजी मापाचा समजावा. नेहमीच्या वॅडच्या पाकळ्या पुढून उघडतात आणि नळीबाहेर पडताच छर्रे पांगू लागतात. फ्लाइटकंट्रोलच्या वॅडला मागच्या बाजूला पंख आहेत. ते हवेत उघडून वॅडचा वेग कमी करतात आणि तोपर्यंत एकत्र राहिलेले छर्रे पुढे निसटतात. चोक, म्हणजे नळीच्या तोंडाची आवळण, नसलेल्या माझ्या पंप-ॲक्शन बंदुकीतून (हाताने मागे-पुढे ओढून काडतूस चढवायच्या) १५ यार्डांवर आठही छर्रे तळहाताएवढ्या जागेत लागले, तर त्याच नळीतून साध्या बकशॉटने जेवणाच्या ताटाएवढा पसारा केला. नऊ छर्ऱ्यांच्या काडतुसात एक छर्रा जास्त मिळतो खरा, पण तोच पुष्कळदा घोळक्यातून फटकून जातो, आणि ड्रायवॉलच्या (जिप्समच्या पातळ पाट्यांच्या) भिंती डबल-ऑटला अडवत नसल्यामुळे भरकटलेला छर्रा पलीकडच्या खोलीत जाऊ शकतो. याच भीतीने काही जण पक्ष्यांसाठीचे बारीक छर्रे भरून ठेवतात. मला ते पटत नाही, कारण चाचणीच्या जेलमध्ये किमान १२ इंच शिरण्याचा जो निकष एफबीआयने धरला आहे, तो हे छर्रे सहसा गाठत नाहीत.

या घट्टपणाची दुसरी बाजूही आहे. खोलीच्या अंतरावर सगळे छर्रे जवळजवळ एकाच भोकातून जातात, त्यामुळे शॉटगनने नेम धरावा लागत नाही या समजुतीवर विसंबणाऱ्याने हे काडतूस घेऊ नये. फुल, म्हणजे खूप आवळलेल्या, चोकमधून ते झाडण्यातही अर्थ नाही. सिलिंडर (अजिबात न आवळलेला) किंवा इम्प्रूव्ह्ड सिलिंडर (किंचित आवळलेला) पुरेसा आहे. शिवाय धक्का कमी असल्याने काही सेमी-ऑटोमॅटिक बंदुकांत पुढचे काडतूस नीट चढत नाही, ही गोष्ट रेंजवर आधीच पाहून घ्यावी.

पॅटर्न, म्हणजे कागदावर छर्ऱ्यांच्या पसाऱ्याचा नमुना, घेण्याची पद्धत सोपी आहे. घरातले सर्वांत लांब सरळ अंतर टेपने मोजावे, त्या अंतरावर आणि पुढे २५ यार्डांवर मोठा कागद लावावा, मध्यबिंदूवर नेम धरून प्रत्येक कागदावर एकच काडतूस झाडावे. पसारा किती झाला याबरोबरच त्याचा मध्य नेमाच्या किती वर-खाली पडला हेही टिपावे. एकाच मॉडेलच्या दोन बंदुकांतही फरक दिसतो, त्यामुळे मित्राच्या कागदावर भरवसा ठेवू नये.

शिकारीचे गणित निराळे आहे. बदकांसाठी १९९१ पासून अमेरिकाभर शिशाच्या छर्ऱ्यांना बंदी आहे, आणि पोलादाची घनता ७.८, तर शिशाची ११.३ असल्यामुळे पोलादी छर्रा साधारण दोन नंबर मोठा घ्यावा लागतो. फेडरलच्याच ब्लॅक क्लाउड काडतुसांमध्ये याच कल्पनेचा वॅड पोलादी छर्ऱ्यांसाठी वापरला आहे. शिकारीसाठी पॅटर्न ४० यार्डांवर ३० इंची वर्तुळात मोजतात. काडतुसातले छर्रे आधी मोजून ठेवले तर वर्तुळात लागलेल्यांची टक्केवारी काढता येते, आणि मॉडिफाइड, म्हणजे मध्यम आवळलेल्या, चोकला ती ६०च्या आसपास अपेक्षित असते. हरणासाठी बकशॉट चालते की नाही हे प्रत्येक राज्याच्या नियमावर अवलंबून आहे.

पाच काडतुसांची पेटी साध्या बकशॉटच्या तुलनेत बरीच महाग पडते. म्हणून सराव स्वस्त काडतुसांवर करावा, पण पॅटर्न मात्र जे घरात भरून ठेवायचे त्याच काडतुसाचा घ्यावा.