आधी जवळची पायरी की थेट मोठी उडी: महापौर सँडर्स आणि महापौर बुटिजेज यांच्या दोन वाटा

छोट्या शहराचे महापौरपद हाती आहे आणि नजर राष्ट्रीय राजकारणावर आहे, अशा व्यक्तीपुढचा खरा पेच योग्यतेचा नसून क्रमाचा असतो. आपल्या प्रदेशातील एकेक निवडणूक जिंकत वर जावे, की शहरात मिळवलेल्या नावाच्या बळावर थेट देशापुढे उभे राहावे? या पेचाची दोन्ही उत्तरे अमेरिकेत आपल्या डोळ्यांसमोर घडली आहेत. व्हरमाँट राज्यातील बर्लिंग्टनचे महापौर बर्नी सँडर्स पहिल्या वाटेने गेले आणि इंडियाना राज्यातील साउथ बेंडचे महापौर पीट बुटिजेज दुसऱ्या वाटेने. या दोघांचा एक जुना धागाही आहे: शाळेत शिकत असताना बुटिजेज यांनी 2000 साली एका राष्ट्रीय निबंध स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळवले होते आणि त्या निबंधाचा विषय सँडर्स यांचे राजकीय धैर्य हा होता.

आरंभ दोघांचाही पराभवाने झाला. सँडर्स यांनी 1970 च्या दशकात एका छोट्या पक्षातर्फे सिनेट (राष्ट्रीय संसदेचे वरिष्ठ सभागृह) आणि गव्हर्नर (राज्याचा निवडून आलेला प्रमुख) या पदांसाठी मिळून चार वेळा निवडणूक लढवली आणि प्रत्येक वेळी ते फार मागे राहिले. 1981 मध्ये मात्र, अपक्ष म्हणून उभे राहून, पाच वेळा निवडून आलेल्या विद्यमान महापौरांना त्यांनी फेरमोजणीअंती अवघ्या 10 मतांनी हरवले. बुटिजेज यांनी हार्वर्ड आणि ऑक्सफर्ड येथील शिक्षणानंतर व्यवस्थापन सल्लागार म्हणून काम केले, 2010 मध्ये राज्याच्या खजिनदारपदाची निवडणूक मोठ्या फरकाने गमावली, आणि पुढच्याच वर्षी ते साउथ बेंडचे महापौर म्हणून सहज निवडून आले. 1 जानेवारी 2012 रोजी त्यांनी पदभार स्वीकारला तेव्हा त्यांचे वय 29 होते.

शहरातील कामाकडे पाहताना किती केले यापेक्षा ते काम पुढे कोणत्या गोष्टीचा पुरावा ठरले, हे पाहणे मला महत्त्वाचे वाटते. बर्लिंग्टनच्या नगरमंडळातील बहुसंख्य सदस्यांनी सुरुवातीला सँडर्स यांच्या नेमणुकासुद्धा नाकारल्या. त्यांनी समर्थकांची आघाडी बांधून पुढील निवडणुकांत मंडळाचा तोलच बदलला. सामान्यांना परवडणारी घरे कायम परवडणारीच राहावीत यासाठी 1984 मध्ये नगरपालिकेच्या पैशातून सामुदायिक भूमी न्यास, म्हणजे जमीन स्वतःकडे ठेवून त्यावरील घरे स्वस्तात देणारी संस्था, उभा राहिला. सरोवरकाठच्या जागेचा त्यांनी मान्य केलेला विकास आराखडा मतदारांनी 1985 मध्ये नाकारला, पण पुढे त्याच काठावर सार्वजनिक उद्यान झाले आणि 2015 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचाराची पहिली मोठी सभा सँडर्स यांनी तिथेच घेतली. विषमतेविरुद्ध आयुष्यभर बोलणाऱ्या माणसाला याहून बोलका पुरावा क्वचितच मिळतो.

साउथ बेंडची जखम वेगळी होती. स्टुडबेकर मोटारींचा कारखाना 1963 मध्ये बंद पडला, लोकसंख्या घटत गेली आणि ओसाड घरे उरली. बुटिजेज यांनी 1000 दिवसांत 1000 घरांचा निकाल लावण्याचे, म्हणजे ती दुरुस्त करण्याचे किंवा पाडण्याचे, उद्दिष्ट जाहीर केले आणि ते गाठले. शहरमध्यातील एकदिशा रस्ते दुहेरी केल्याने तिथे वर्दळ परतली. परंतु पाडलेल्या घरांपैकी अनेक घरे कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्यांत होती. त्यातच 2012 मध्ये कृष्णवर्णीय पोलीस प्रमुखांना पदावरून हटवल्याची सल त्या समाजात राहिली होती. जून 2019 मध्ये एका गोऱ्या पोलीस अधिकाऱ्याच्या गोळीने कृष्णवर्णीय नागरिकाचा मृत्यू झाला, तेव्हा राष्ट्राध्यक्षपदाचा प्रचार थांबवून महापौरांना संतप्त नागरिकांसमोर उत्तरे द्यावी लागली.

आता या तुलनेतील सर्वांत निर्णायक भाग, ज्याकडे चरित्र वाचणारे बहुधा दुर्लक्ष करतात: नकाशा. बर्लिंग्टनची वस्ती जेमतेम 40 हजारांची असली, तरी ते व्हरमाँटमधील सर्वांत मोठे शहर आहे आणि प्रतिनिधीगृहात, म्हणजे राष्ट्रीय संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, त्या राज्याची एकच जागा असल्याने संपूर्ण राज्य हाच मतदारसंघ ठरतो. त्यामुळे सँडर्स 1986 मध्ये गव्हर्नरपदाची आणि 1988 मध्ये प्रतिनिधीगृहाची निवडणूक हरले, तरी दर पराभवात त्यांची ओळख राज्यभर वाढत होती. 1990 मध्ये ते जिंकले आणि 16 वर्षांनी सिनेटवर गेले. साउथ बेंड लाखभर वस्तीचे असूनही इंडियानात वरची पायरीच तुटलेली होती. राज्य बहुतांशी रिपब्लिकन, आणि डेमोक्रॅट उमेदवाराने राज्यव्यापी पद जिंकणे दुर्मीळ. म्हणून बुटिजेज यांच्या उडीला निव्वळ उतावीळपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते; शेजारी पायरी नसेल तर माणूस एक तर थांबतो किंवा झेप घेतो.

ती झेप फार दूरवर गेली, हेही मान्य केले पाहिजे. डेमोक्रॅटिक पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवण्यासाठी राज्याराज्यांत होणाऱ्या निवडणुकांत दोघेही समोरासमोर होते. फेब्रुवारी 2020 मध्ये आयोवात सँडर्स यांना मते अधिक पडली, तर मतांवरून ठरणाऱ्या राज्य प्रतिनिधींच्या हिशेबात बुटिजेज निसटते पुढे राहिले; न्यू हॅम्पशायरमध्ये सँडर्स थोडक्यात पहिले आले. त्यानंतर दक्षिण कॅरोलायनात, जिथे डेमोक्रॅट मतदारांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण मोठे आहे, बुटिजेज चौथ्या स्थानावर घसरले आणि 1 मार्च रोजी त्यांनी माघार घेतली. साउथ बेंडमधील न मिटलेले प्रश्न हे या घसरणीचे एकमेव कारण नव्हते, पण त्यांचा वाटा नाकारता येत नाही. त्या मतदारांपुढे सँडर्सही कमी पडले, 2016 आणि 2020 अशा दोन्ही वेळा. फरक इतकाच की पराभवानंतर परतण्यासाठी त्यांच्याकडे सिनेटची जागा होती.

म्हणून निर्णय घेणाऱ्याने आधी आपल्या शहराच्या वरची जागा पाहावी. ती दोन-तीन प्रयत्नांत जिंकण्याजोगी असेल, तर माझा कौल निःसंशय सँडर्स यांच्या वाटेला आहे, मग त्यात दहा वर्षे जावोत. ती जागा आवाक्याबाहेर असेल, तर बुटिजेज यांची वाट धरण्यात गैर काही नाही. मात्र त्या वाटेवर पुढचे पद मतदारांऐवजी वरिष्ठ नेत्याच्या हातून मिळते, हे ओळखून निघावे. बायडेन यांनी दिलेले वाहतूक मंत्रिपद बुटिजेज यांनी चार वर्षे सांभाळले आणि जानेवारी 2025 मध्ये सरकारबरोबरच ते गेले. मधल्या काळात मिशिगनमध्ये स्थायिक झालेल्या बुटिजेज यांनी मार्चमध्ये तिथल्या सिनेट आणि गव्हर्नर या दोन्ही निवडणुका न लढवण्याचे जाहीर केले. त्याच जानेवारीत, वयाच्या 83 व्या वर्षी, सँडर्स यांनी सिनेटच्या चौथ्या कार्यकाळाची शपथ घेतली होती.