हिरवा पडलेला स्विमिंग पूल: तात्पुरता फिल्टर कोणता जोडावा?

पूल हिरवागार झालाय आणि कायमचा फिल्टर नेमका बंद पडलाय. अशा वेळी आठ-पंधरा दिवसांसाठी बाहेरून काय आणून जोडायचं, हे ठरवायचं असेल तर तीन पर्याय समोर येतात: ट्रॉलीवरचा वाळूचा फिल्टर, कार्ट्रिजचा (घड्या घातलेल्या कापडाच्या नळकांड्याचा) छोटा पंप-संच आणि पावडरचा डीई (डायटोमेशियस अर्थ) फिल्टर. चौथा मार्ग तुरटीचा.

आधी पांढऱ्या बादलीत पाणी काढून बघा. गढूळ हिरवं दिसलं तर शेवाळ. पाणी आरपार स्वच्छ आहे, नुसती हिरवट झाक आहे, तर बहुधा तांबं विरघळलेलं आहे. ते कुठल्याच फिल्टरमध्ये अडकत नाही, म्हणून भाड्याचे पैसे वाचवा.

शेवाळ असेल तर ते मारायचं काम क्लोरीनचं. फिल्टर फक्त मेलेलं बाहेर काढतो. हे उलट करणारे फार जण पाहिलेत: आधी मशीन आणतात, क्लोरीन मागाहून पडतं, आणि गाळलं जातं त्याहून जास्त शेवाळ पाण्यात वाढत राहतं. पीएच 7.2 ते 7.5 वर आणा, जाळीने पानं-कचरा काढा, भिंती ब्रशने घासा आणि ऊन उतरल्यावर क्लोरीन टाका. किती, ते सायन्युरिक ॲसिडवर, म्हणजे क्लोरीनला उन्हापासून वाचवणाऱ्या रसायनावर ठरतं. मोकळं क्लोरीन त्याच्या साधारण 40 टक्के हवं. सायन्युरिक 30 पीपीएम (दहा लाखांत 30 भाग) असेल तर क्लोरीन 12 पीपीएम, आणि तेही पाणी निवळेपर्यंत टिकवून धरायचं. सायन्युरिक 100 च्या वर गेलं असेल तर आधी थोडं पाणी बदला. दोन वेगळ्या प्रकारचं क्लोरीन कोरडं एकत्र करू नका, पेट घेऊ शकतं. क्लोरीनजवळ ॲसिडही नको, विषारी वायू सुटतो.

आता फिल्टर. वाळू साधारण 20 ते 40 मायक्रॉनपर्यंतचे कण पकडते, कार्ट्रिज 10 ते 20 आणि डीई 3 ते 5. आकडे पाहून कोणीही डीईच उचलेल. पण हिरव्या पाण्यात मी वेगळीच गोष्ट विचारतो: हा फिल्टर दिवसातून सहा वेळा धुवायला लागला, तर धुणार कोण आणि किती वेळात?

कार्ट्रिजचा अनुभव सांगतो. पहिल्या दिवशी परतीच्या पाइपची धार तासाभरातच करंगळीएवढी झाली. झाकण उघडलं तर घड्याघड्यांत करडा-हिरवा बुळबुळीत थर, साबणाच्या लगद्यासारखा. होज तिरका धरून वरून खाली एकेक घडी मोकळी करावी लागते, घाईने प्रेशर वॉशर मारला तर कापड उसवतं. पूल छोटा असेल, जोडीला दुसरी कार्ट्रिज असेल आणि दिवसभर कोणी हाताशी असेल, तरच हा पर्याय घ्या. तेव्हा एक धुवायची, दुसरी चालवायची.

वाळूच्या फिल्टरवर तेच काम दोन-तीन मिनिटांचं. धुतल्यानंतरचं प्रेशर लिहून ठेवा. गेजचा काटा त्याच्या 8 ते 10 पीएसआय वर चढला की पंप बंद, हँडल बॅकवॉशवर (म्हणजे उलट्या प्रवाहाने वाळू धुण्यावर), पुन्हा पंप चालू. काचेतून हिरवं पाणी स्वच्छ होताना दिसतं. उणीव एकच: मेलेलं बारीक शेवाळ वाळूतून निसटतं, म्हणून हिरवा रंग गेल्यावर पाणी काही दिवस दुधाळ राहतं. वाळूवर थोडी डीई पावडर सोडली की हा काळ कमी होतो. बॅकवॉशचं क्लोरीनयुक्त पाणी ओढ्यात किंवा झाडांत मात्र सोडू नका.

डीई शेवटच्या टप्प्यात अप्रतिम, पाणी काचेसारखं करतो. सुरुवातीला लावला तर सतत चोंदतो, आणि प्रत्येक बॅकवॉशनंतर नवी पावडर चढवावी लागते. तिची धूळ फुप्फुसांना वाईट, मास्कशिवाय हात लावू नका.

पंप निवडताना एक हिशेब हवा. 50,000 लिटरचा पूल आणि तासाला 5,000 लिटरचा पंप म्हणजे दहा तासांत एक फेरा. पण गाळलेलं पाणी न गाळलेल्यात मिसळतच असतं, त्यामुळे एका फेऱ्यात जेमतेम 63 टक्के पाणी फिल्टरमधून जातं. 95 टक्क्यांना तीन फेरे, म्हणजे तीस तास, आणि तेही फिल्टर चोंदला नाही तर. म्हणून पंप चोवीस तास चालू ठेवा. सक्शन एका टोकाला, परतीचा पाइप दुसऱ्या टोकाला. 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीशिवाय (विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचशिवाय) वीज जोडू नका, आणि तात्पुरता पंप चालू असताना कोणीही पाण्यात उतरायचं नाही. तळ दिसेपर्यंत तर नाहीच.

तळ हातभर गाळाने भरलाय? मग तुरटी. शेवाळ मेल्यावर टाका, पाण्यात नीट मिसळलं की पंप बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी खाली बसलेला थर व्हॅक्यूमने हळूहळू ओढून थेट बाहेर सोडा. तो फिल्टरमधून नेला तर वाळूचा गोळा होतो. पाणी बरंच जातं, पीएच उतरतो, पण एका दिवसात जेवढा गाळ निघतो तेवढा कुठलाच फिल्टर काढत नाही. पूर्ण पूल रिकामा करण्याच्या मोहात मात्र पडू नका. जमिनीत पाणी वर असेल तर रिकामी टाकी खालून उचलली जाते.

मला एकच निवडायचा झाला तर मी ट्रॉलीवरचा वाळूचाच घेईन. भाड्याची मशीन परत देण्याआधी सूर्यास्तानंतर क्लोरीन मोजा आणि सूर्योदयापूर्वी पुन्हा मोजा. फरक 1 पीपीएमपेक्षा जास्त आला तर पाण्यात अजून काहीतरी जिवंत आहे. पाणी कितीही नितळ दिसो, मशीन आणखी दोन दिवस राहू द्या.