कोरेगाव पार्क ते मुंढवा: ताज्या बिअरची दुपार

पुण्यात २००९ मध्ये डूलालीने मायक्रोब्रुअरीचा, म्हणजे जागेवरच ताजी बिअर बनवून विकणाऱ्या छोट्या ब्रुअरीचा, पायंडा पाडला. आता एका दुपारी कोरेगाव पार्कातलं एफिनगट आणि मुंढव्यातली इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी, एवढी दोनच ठिकाणं करा. तिसऱ्या ठिकाणी जीभ बोथट झालेली असते. पूर्ण ग्लास न मागता छोटे टेस्टर घ्या. आधी गव्हाची हेफेवायझन: तिचा केळं-लवंगेचा सुंदर वास यीस्टचा असतो, वरून घातलेला नव्हे. आयपीए (इंडिया पेल एल, ही कडवट बिअर) शेवटी, कारण हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या फुलांचा, कडवटपणा पुढची चव मारतो.

लोण्यासारखा वास आला तर बहुधा किण्वन (बिअर आंबवणं) घाईत उरकलंय. व्हिनेगरसारखा आंबटपणा असेल तर बिअर ग्लासपर्यंत आणणाऱ्या नळ्या नीट धुतलेल्या नसाव्यात. असा ग्लास कुठेही बेधडक परत करा. वय २१ पूर्ण हवं आणि येणं-जाणं रिक्षानेच.