कोल्हापुरातलं लहान मुलांचं श्रवण केंद्र: समजावून सांगण्यात पैकीच्या पैकी, कानाच्या साच्यात नापास

बाळाला ऐकायला कमी येतं असा रिपोर्ट हातात पडला की घरात दोनच प्रश्न सुरू होतात: मशीन कुठलं आणि कितीला? शहराच्या मध्यभागी असलेल्या या केंद्राबद्दल लिहावंसं वाटतं, कारण इथे या दोन प्रश्नांच्या आधी आई-वडिलांना निवांत बसवून घेतात. नाव देत नाही, कारण पुढे एक गंभीर तक्रार आहे आणि ती एकट्या या केंद्राची नाही.

पहिली भेट तासाभराची. 'बेरा' म्हणजे आवाजाला कानाच्या नसेचा प्रतिसाद मोजणारी, झोपलेल्या बाळाची तपासणी. तिच्या कागदावर '९० डीबीला (म्हणजे खूप मोठ्या आवाजालाही) प्रतिसाद नाही' असं वाचलं की घरच्यांच्या पायाखालची जमीन सरकते. इथल्या ऑडिओलॉजिस्ट मॅडम कोऱ्या कागदावर आलेख काढतात आणि बोलण्यातला कुठला आवाज कुठे बसतो ते दाखवतात. म आणि ऊ खालच्या पट्टीत, श आणि स वरच्या. क्लिक बेरा (टकटक आवाजावर केलेली) मुख्यतः २००० ते ४००० हर्ट्झच्या भागाबद्दल सांगते, त्यामुळे तिच्यात प्रतिसाद आला नाही तरी खालच्या पट्टीत बाळाला ऐकू येत असू शकतं. टोन-बर्स्ट बेरा किंवा एएसएसआर या पट्टीगणिक वेगळं मोजणाऱ्या तपासण्यांपैकी एक झाल्याशिवाय इथे मशीनचा आवाज ठरवत नाहीत. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची टिंपॅनोमेट्री (मधल्या कानाची तपासणी) १००० हर्ट्झवर करतात, हेही बरोबर. मोठ्यांसाठीच्या २२६ हर्ट्झवर केली तर मधल्या कानात पाणी असूनही रिपोर्ट नॉर्मल दिसू शकतो. ओएई (आतल्या कानातून परत येणारा बारीक आवाज) येते पण बेरा येत नाही, असा रिपोर्ट असेल तर मशीन विकायची घाई न करता ऑडिटरी न्यूरोपथीच्या (आतला कान चालतो, पण आवाज नसेतून मेंदूकडे नीट जात नाही) तपासणीसाठी पुढे पाठवतात.

दुसऱ्या भेटीला आजी-आजोबांनाही बोलावतात. हे फार मोलाचं आहे. 'बोलंल की उशिरा, ह्येचा बापबी उशिराच बोलला हुता' या एका वाक्यापायी कितीतरी मुलांची वर्षं गेली आहेत. पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत मशीन आणि थेरपी, हे जगभर मानलं जाणारं वेळापत्रक आजीला तिच्याच बोलीत समजावतात. कानात कोमट तेल घालायचं नाही, हेही तिथेच बजावतात. तेलानं साचा (मशीनचा कानात बसणारा, कानाच्या मापाचा तुकडा) सरकतो, त्याची नळी तुंबते आणि कानात बुरशी धरते. थंडीत कुंची घालायची तर पातळ सुती. जाड कुंचीखाली माइक दबतो, कापड घासतं आणि मशीन शिट्टी मारतं.

मशीन घालायला बाहुलीवर शिकवतात. कानाची पाळी हलकेच मागे आणि वर ओढायची, साच्याचं टोक आधी कानाच्या भोकात, मग वरचा वाकडा भाग कानाच्या घडीत बोटानं दाबून बसवायचा. बहुतेकांची चूक त्या वरच्या घडीतच होते. तिथं साचा अर्धा बाहेर राहिला की शिट्टी ठरलेलीच. आईला सलग पाच वेळा जमलं की मगच घरी सोडतात. मशीनला दोरा आणि चिमटा लावून तो झबल्याला पाठीमागे अडकवायचा, म्हणजे बाळानं उपटलं तरी ते तोंडात किंवा गटारात जात नाही. सेलच्या झाकणाला कुलूप असलेलंच मशीन देतात. सेल गिळला गेला तर क्षणभरही न थांबता दवाखाना गाठायचा, हे भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय.

रोज सकाळी करायची तपासणीही नीट शिकवतात. स्टेटोक्लिपनं (मशीन ऐकायची, स्टेथोस्कोपसारखी नळी) आधी स्वतः मशीन ऐकायचं. मग बाळाच्या मागे किंवा बाजूला एक मीटरवर बसून म, ऊ, आ, ई, श, स हे सहा आवाज काढायचे. आवाज साधाच, ओठ दिसू द्यायचे नाहीत. काल 'स'ला वळणारं बाळ आज वळलं नाही तर आधी सेल, मग नळीतलं पाणी, मग साच्याच्या भोकातला मळ बघायचा. मिक्सर किंवा कुकर चालू असताना ही तपासणी करू नये.

आता तक्रार. पहिल्या वर्षात कान झपाट्यानं वाढतो आणि साचा दर दोन-तीन महिन्यांनी नवा लागतो. इथे तो बाहेरच्या लॅबमधून येतो आणि दोन ते तीन आठवडे जातात. मधल्या काळात जुना साचा सैल होऊन शिट्टी मारतो, आणि ती थांबवायला इथला तंत्रज्ञ कॉम्प्युटरवर आवाज उतरवून देतो. शिट्टी थांबते, घरच्यांना हायसं वाटतं, आणि बाळाला मात्र त्या दिवसापासून कमी ऐकू येऊ लागतं. बरेचदा उतरतात त्या वरच्या पट्ट्या, म्हणजे नेमके श आणि स. नवा साचा आल्यावर आवाज पुन्हा चढवायचा राहून गेला तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

हे टाळता येतं. शिट्टी आली की मशीन काढून साच्याचं भोक बोटानं बंद करा. शिट्टी थांबली तर दोष बसण्यात किंवा सैलपणात आहे. चालूच राहिली तर नळी, हुक (नळीला मशीनशी जोडणारा भाग) किंवा मशीन बघायला हवं. आवाज उतरवला असेल तर आधीचं आणि नंतरचं सेटिंग छापून मागा. प्रत्येक नव्या साच्यासोबत आरईसीडी (बाळाच्या स्वतःच्या कानात आवाज किती मोठा पोचतो त्याचं माप) मोजून घ्या. लहान कानात तोच आवाज जास्त मोठा पोचतो आणि कान वाढला की कमी पडतो, म्हणून सेटिंग बदलावंच लागतं. इथे पहिल्या वेळी मोजतात, पुढच्या साच्यांना मागितल्याशिवाय मोजत नाहीत. साच्याचं माप घेतानाही लक्ष ठेवा: कानात आधी दोऱ्याचा स्पंज, मग सिलिकॉन, चार-पाच मिनिटं थांबणं, आणि काढल्यावर पुन्हा टॉर्चनं कान बघणं. बाळ रडत असताना घेतलेलं माप जबड्याच्या हालचालीनं बिघडतं. ते पुन्हा घ्यायला सांगायला संकोच नको.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात दुसरा शत्रू म्हणजे दमट हवा. रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं, पण सेल काढून. जेल सेललाही सुकवतं. तेरा नंबरचा, केशरी टिकलीचा झिंक-एअर सेल टिकली काढून मिनिटभर उघडा ठेवून मगच घालायचा, तेव्हाच तो पूर्ण ताकदीनं चालतो. केंद्रातून मिळणारी डबी चांगली, पण गोळ्यांचा रंग बदलला की काय करायचं हे सांगत नाहीत. त्या बदलायच्या, आणि मुलांच्या हाताला लागू द्यायच्या नाहीत.

कागदपत्रांची मदत बरी. यूडीआयडीचा (दिव्यांगांच्या ओळखपत्राचा) अर्ज भरून देतात आणि प्रमाणपत्रासाठी सीपीआरला (इथल्या सरकारी रुग्णालयात) कधी जायचं ते सांगतात. सरकारच्या 'एडिप' योजनेतून मशीन आणि कॉक्लिअर इम्प्लांटला (शस्त्रक्रियेनं आतल्या कानात बसवायचं यंत्र) मदत मिळते, पण इम्प्लांटला वयाची अट असते. त्यामुळे 'आधी सहा महिने मशीन बघू' म्हणताना अर्ज मागे ठेवू नका. दोन्ही एकदमच चालवा. बिलात मशीन, साचा आणि प्रोग्रॅमिंग वेगवेगळं लिहून मागा. इथे सगळं एकत्र लावतात, आणि मग तिसऱ्या साच्याचे पैसे द्यायचे की नाही यावरून वाद होतो.

एक गोष्ट मात्र पटत नाही. 'हातवारे केले तर बोलणार नाही' असं इथली थेरपिस्ट सांगते. हा जुना समज आहे. खुणेच्या भाषेमुळे बोलणं अडतं असं नाही, आणि मशीन पुरेसं पडेपर्यंत बाळाला एक तरी पूर्ण भाषा मिळायलाच हवी. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा १०,००० शब्दांचा कोश उपलब्ध आहे. रोजच्या वापरातले दूध, आई, झोप, दुखतंय एवढे शब्द घरातल्या सगळ्यांनी मिळून आठवड्याभरात शिकावेत.

गगनबावडा, चंदगडकडून येणाऱ्यांनी सकाळची पहिली वेळ मागावी. बेरा असेल त्या दिवशी बाळाला वाटेत एसटीत झोपू देऊ नका आणि दूधही तिथे पोचल्यावरच पाजा. झोप लागली नाही तर तपासणी होत नाही आणि अख्खी फेरी फुकट जाते.