सुपरसिब्स आणि प्रवास मदत: ॲलेक्सच्या आईवडिलांची सेवा

न्यूरोब्लास्टोमा या लहान मुलांच्या कॅन्सरने ॲलेक्स स्कॉट 2004 मध्ये गेली, आठव्या वर्षी. चौथ्या वर्षी तिने लिंबू सरबताचा स्टॉल मांडला होता; तिच्या आईवडिलांनी, लिझ आणि जे यांनी, त्यातूनच अमेरिकेत कॅन्सरग्रस्त मुलांसाठी ‘ॲलेक्सेस लेमोनेड स्टँड फाउंडेशन’ उभं केलं.

मुलाचे उपचार परगावी असतील तर फाउंडेशनकडून प्रवास आणि मुक्कामाची मदत मिळते. पण अर्ज घरच्यांनी थेट करायचा नसतो, तो हॉस्पिटलच्या सोशल वर्करमार्फत जातो. तिथल्या मराठी कुटुंबांनी तिकीट काढण्याआधीच त्यांना गाठावं.

आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो तो फाउंडेशनचा भावंडांसाठीचा उपक्रम, सुपरसिब्स. आजारी मुलाच्या भावंडाला स्वतःच्या नावाचं टपाल येतं, अगदी मोफत. घरात सगळे दुसऱ्याच्याच तब्येतीची चौकशी करत असताना पाकिटावर फक्त त्याचं नाव! भावंड गमावलेल्या मुलांनाही ते मिळतं.