फोर बाय फोर पिकअप, १७ महिने: दिवा लुकलुकतो, पुढची चाकं ढिम्म

गाडी सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे इंजिनाचे आकडे देत बसत नाही. डबल कॅब, डिझेल, २६ हजार किलोमीटर झाले. बागेच्या फेऱ्यांत मायलेज दहा, हायवेला तेरा. एसी झकास. मागची सीट म्हणजे शिक्षा. आई एकदा चिपळूणपर्यंत बसून आली, त्यानंतर तिने एसटीच बरी म्हटलं. एवढं पुरे. मला लिहायचंय ते फोर बाय फोरबद्दल, म्हणजे चारही चाकांना जोर देणाऱ्या सोयीबद्दल, कारण साध्या मॉडेलपेक्षा मी त्यासाठी वर पावणेतीन लाख मोजलेत.

आमची आंब्याची कलमं गुहागर तालुक्यात, डोंगराच्या उतारावर. बागेतून डांबरी रस्त्याला यायला दीडशे मीटरचा चढ, लाल मातीचा. कोरडी असली की लूनासुद्धा चढेल, वळवाची एक सर आली की तेल सांडल्यासारखं. २३ मेला शेवटच्या काढणीचे ३६ क्रेट मागे भरलेले, कॅनिंगला जाणारा माल, म्हणजे भाव आधीच रडका. चार वाजता सर येऊन गेली. गाडी उभी करून गोल बटण ‘फोर-एच’वर (चारही चाकांना जोर, नेहमीच्या वेगाला) फिरवलं. सीटखालून ‘टक्’ आवाज आला, डॅशबोर्डवर हिरवा दिवा लुकलुकायला लागला. लुकलुकतोय तो लुकलुकतोच. मागची चाकं चिखल उडवतायत, पुढची ढिम्म. पुढे-मागे केलं, बंद करून चालू केलं, ‘फोर-एल’ (तेच, पण संथ आणि जास्त ताकदीचं) लावून पाहिलं. शेवटी बागेतल्या दोघा नेपाळी गड्यांनी ३६ क्रेट डोक्यावरून वर नेले. पावणेतीन लाखांचं काम ३०० रुपये जादा मजुरीत झालं, हे त्या दिवशी मी घरी चार वेळा बोललो. पाचव्यांदा बायको म्हणाली, “आता जेवा.”

सर्व्हिस सेंटर आमच्यापासून पन्नासेक किलोमीटर. सल्लागार पोरगा चांगला बोलला, स्कॅनर लावला, वीस मिनिटांत निदान: ट्रान्स्फर केसची, म्हणजे इंजिनाचा जोर पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीची, मोटर गेली. ३४ हजार, मजुरी वेगळी, पार्ट यायला दहा दिवस. वॉरंटी? “सर, गाडीच्या खाली चिखल-खारं पाणी लागलेलं दिसतंय, ते वॉरंटीत बसणार नाही.” कोकणात विकलेली गाडी, तिला खारं पाणी लागायचं नाही! धोपाव्याला फेरीबोटीत चढवताना उचलून धरायची होती का? मी विचारलं, मोटर गेली तर मग ‘टक्’ कोण करतंय? त्यावर तो म्हणाला, “आवाज येतो सर, पण लॉक होत नाही.” खाली वाकून कोणी पाहिलंच नव्हतं. मी गाडी तशीच परत आणली.

इथपर्यंतचा रिव्ह्यू मी मे महिन्यात लिहून ठेवला होता आणि त्यात सगळा राग त्या गोल बटणावर होता. आमच्या दादांच्या जुन्या जीपला दांडा होता. दांडा ओढला की गिअर बसल्याचं हाताला कळायचं, खाली उतरून पुढच्या हबच्या (चाक ॲक्सलला जोडणाऱ्या) चकत्या फिरवल्या की विषय संपला. बटणाला हाताला काही कळत नाही, दिव्यावर विश्वास ठेवायचा. ते मत अजून तसंच आहे. पण बाकीचं बदललं.

गावातल्या मिस्त्रीने स्कॅनर लावला नाही. त्याच्याकडे नाहीच. त्याने मागच्या चाकांना दगड लावले, हॅन्डब्रेक ओढला, इंजिन चालू ठेवून मला ‘फोर-एच’ लावायला सांगितलं आणि गोणपाट टाकून खाली शिरला. पुढच्या ॲक्सलकडे जोर नेणारा प्रॉपेलर शाफ्ट हाताने फिरवून पाहिला. फिरला नाही. “मोटर ठीक आहे तुमची. ट्रान्स्फर केसने शाफ्ट पकडलाय.” मग पुढचं उजवं चाक जॅकवर उचललं आणि हाताने फिरवलं. ते मात्र गरगर फिरलं. म्हणजे शाफ्टपर्यंत जोर पोचतोय, चाकापर्यंत नाही. मधली कडी जुळत नाहीये.

ती कडी कशी चालते ते मला तोवर माहीत नव्हतं, म्हणून इथे लिहितो. या गाडीत टू-व्हीलवर असताना पुढच्या ॲक्सलचा एक भाग सोडवून ठेवलेला असतो, उगाच फिरून डिझेल खाऊ नये म्हणून. फोर बाय फोर लावलं की तो व्हॅक्यूमने (हवेच्या ओढीने) जोडला जातो. डिझेल इंजिनला त्यासाठी वेगळा पंप असतो, ब्रेकच्या बूस्टरलाही तोच ओढ देतो. पंपापासून एका छोट्या झडपेपर्यंत रबरी नळी, तिथून पुढच्या ॲक्सलपर्यंत दुसरी. जोडणी पूर्ण झाली की तिथला स्विच दिवा स्थिर करतो. नळी फुटली की हवा गळते, जोडणी अर्धवट राहते, दिवा लुकलुकतो. मोटर बिचारी आपलं काम करून मोकळी.

मिस्त्रीने ॲक्सलवरची नळी काढली आणि म्हणाला, “बोट लावा.” बोट चिकटायला हवं होतं. काहीच नाही, थोडा गारवा. मग झडपेच्या अलीकडची काढली, तिने बोट असं ओढलं की सोडवताना ‘चप्’ आवाज आला. म्हणजे पंप ठीक. बॅटरीवरून थेट तारा जोडून झडपही तपासली, तीही उघडत होती. उरली मधली दुसरी नळी. बॅटरीच्या ट्रेखाली ती तिरकी वळते, तिथे मोबाईलचा टॉर्च मारला तर उंदराने चार ठिकाणी कुरतडलेली. शेजारी काजूची टरफलं आणि बोंबलाचं एक डोकं. मागच्या मार्चमध्ये हर्णैहून सुक्या बोंबलाची दोन पोती आणली होती, त्याचा वास अजून गाडीला आहे.

आता माझी चूक. नळी नवीन घ्यायची सोडून मी घरात पडलेला फवारणी पंपाच्या नळीचा तुकडा बसवला. फुकट. दोन दिवस चाललं, दिवा स्थिर, मी सगळ्यांना सांगत सुटलो. तिसऱ्या दिवशी पुन्हा लुकलुक. इंजिनच्या उष्णतेने ती नरम पडली आणि आतल्या ओढीने चपटी झाली. फवारणीची नळी बाहेर ढकलणाऱ्या दाबासाठी असते, आत ओढणाऱ्या नाही. मिस्त्री हसला नाही, हे त्याचं मोठेपण. जाड भिंतीची व्हॅक्यूमची नळी मिळाली ९० रुपये मीटर. लागली अर्धा मीटर. मिस्त्रीने २०० घेतले. एकूण २९०.

तेव्हा ३४ हजार विरुद्ध २९०. मी रिव्ह्यूला एक स्टार देणार होतो, तीन केले.

चार करणार होतो, पण ऑगस्टमध्ये उलटा प्रकार झाला. बागेतून वर आलो, बटण टू-व्हीलवर फिरवलं, तर फोर बाय फोर सुटेना. डांबरी वळणावर गाडी जड, चाकं किंचाळतायत. मी थेट उंदराला शिव्या घातल्या. उंदीर निर्दोष होता. या गाडीला मधला डिफरेन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, नाही. चिखलात चाकं घसरून आपापला हिशोब जुळवतात, डांबरावर ती सोय नाही, मग वळणावर पुढची-मागची चाकं वेगळं अंतर कापतात आणि सगळी यंत्रणा पीळ भरून बसते. शिवाय जुलैत मी मागचे दोनच टायर नवीन टाकले होते, पुढचे झिजलेले तसेच ठेवून. आठ हजार वाचले म्हणून खूश होतो. नव्या टायरचा घेर जास्त, त्यामुळे सरळ रस्त्यावरही पीळ भरतो. उपाय फुकटचा: स्टिअरिंग सरळ ठेवून दहा-बारा फूट रिव्हर्स. ‘टक्’, दिवा गेला. पण पुढचे टायर आता घ्यावेच लागणार आहेत.

आणि मॅन्युअल. ऑक्टोबरपासून मेपर्यंत मी एकदाही फोर बाय फोर लावलं नव्हतं, डिझेल वाचवायला. मॅन्युअलमध्ये लिहिलंय, महिन्यातून एकदा थोडं अंतर चालवा, आतल्या भागांना तेल लागतं. तसं केलं असतं तर नळी कुरतडल्याचं मार्चमध्येच कळलं असतं, ३६ क्रेट डोक्यावर घेऊन नाही. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चिरेखाणीच्या कच्च्या रस्त्याला एक फेरी मारतो. बॉनेटमध्ये तंबाखूची पुडी बांधलीय. उंदराचं माहीत नाही, मिस्त्री दर खेपेला त्यातली चिमूटभर घेतो.

सर्व्हिस सेंटरमधून अजून फोन येतो, “सर, पार्ट आलाय, कधी येताय?” बुकिंगच केलं नव्हतं. नळीचा अर्धा मीटर उरलाय, डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे. गुहागर-चिपळूण पट्ट्यात कोणाला दिवा लुकलुकताना दिसला तर कळवा. ४५ रुपये.