सेकंडहँड डेस्कटॉप, आठ महिन्यांनंतर: एसएसडी जिवंत होती, सेल मेला होता

पाचपैकी दोन स्टार द्यायचे ठरवून लिहायला बसलो होतो, आता चार देतोय. कापलेला एक पस्तीस रुपयांच्या सेलचा आहे आणि तो काही मी परत देणार नाही.

अमळनेरला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. जुन्या मशीनला टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) नाही, त्यामुळे ती विंडोज ११ घेईना. म्हणून जळगावहून कंपनीतून निघालेला छोटा ब्रँडेड डबा आणला. बाराव्या पिढीचा इंटेलचा आय-५ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, साडेएकवीस हजार. बऱ्याच कंपन्या मशीन विकताना आपली डिस्क काढून घेतात, तेव्हा ५०० जीबीची एनव्हीएमई प्रकारची एसएसडी डिस्क वेगळी घेतली. डिस्कबरोबर तिला दाबून धरणारा इवलासा स्क्रूही कंपनीकडेच राहिला होता. तो जुन्या लॅपटॉपमधून काढला.

पहिल्याच रात्री विंडोज टाकायला बसलो तर डिस्कची यादी रिकामी. ड्राइव्ह सापडत नाही, स्टोरेज ड्रायव्हर हवा असेल तर ‘लोड ड्रायव्हर’ दाबा, एवढंच. एसएसडी काढून फुंकर मारून पुन्हा बसवली, पेन ड्राइव्ह नव्याने बनवला, पोर्ट बदलला. यादी रिकामी ती रिकामीच. शिफ्ट आणि एफ१० दाबून काळी खिडकी उघडली, डिस्कपार्ट या डिस्क हाताळणाऱ्या प्रोग्राममध्ये ‘लिस्ट डिस्क’ केलं, तर एकच ओळ आली, आणि ती माझ्याच पेन ड्राइव्हची. दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, “एसएसडी घेऊन या, बदलून बघू, पण सर्व्हिस चार्ज लागेल.” जळगावला जाण्यायेण्यात अख्खा दिवस, वर चार्ज. मनातल्या मनात एक स्टार तिथंच गेला.

भाचा पुण्याला नोकरीला आहे. रात्री साडेअकराला त्याला उठवलं. तो आधी म्हणाला, “काय व्हयनं मामा?” मग एकच गोष्ट विचारली: बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या मशीनच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, डिस्क दिसते का? बघितलं, तर नाव, साइज सगळं व्यवस्थित दिसत होतं.

प्रश्न एवढाच आहे, आणि तो कोणी आधी विचारत नाही. बायोसलाच दिसत नसेल तर डिस्क नीट बसलेली नाही, स्लॉट बंद आहे, एनव्हीएमईच्या स्लॉटमध्ये साटा या जुन्या जोडणीची एम.२ डिस्क घातली आहे (दिसायला दोन्ही जवळपास सारख्याच), किंवा डिस्कच गेली आहे. बायोसला दिसते आणि विंडोजच्या सेटअपला दिसत नाही, तर बहुधा डिस्कचा काही दोष नाही. माझ्या डब्यात स्टोरेजचा मोड ‘रेड ऑन’वर होता (रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवणं). या मोडमध्ये एनव्हीएमई थेट विंडोजच्या समोर येत नाही, मधे इंटेलचा व्हीएमडी कंट्रोलर उभा असतो. त्याचा ड्रायव्हर सेटअपकडे नसेल तर त्याच्या मागची डिस्क सेटअपला दिसणार कशी? ऑफिसच्या बऱ्याच मशीनमध्ये बनवणाऱ्या कंपनीकडूनच हा मोड चालू येतो.

यावर उपाय दोन. एक म्हणजे इंटेलची आरएसटी ही स्टोरेज ड्रायव्हरची सेटअप फाइल उतरवायची, तिच्यातले ड्रायव्हर वेगळे काढून पेन ड्राइव्हवर ठेवायचे आणि लोड ड्रायव्हरमधून आयएएस्टोरव्हीडी नावाची आयएनएफ फाइल निवडायची. नुसती इंटेलची एक्सई टाकून चालत नाही, विंडोजच्या सेटअपला आतली आयएनएफच लागते. दुसरा, बायोसमध्ये मोड एएचसीआयवर, म्हणजे मधे तो कंट्रोलर नसलेल्या साध्या मोडवर न्यायचा. माझ्याकडे डिस्क एकच, रेड घेऊन काय करू? मी दुसरा केला. यादीत डिस्क आली, वीस मिनिटांत विंडोज चढलं, आणि मी भाच्याला म्हणालो, फुकटात काम झालं.

त्यानंतर सात महिने मशीनने नाव ठेवायला जागा दिली नाही. आवाज नाही, सातबारा न् पीकविम्याच्या दिवसांत बारा-बारा तास चालली. मेमध्ये पारा ४४ वर गेला तरी बंद पडली नाही.

मग एका सोमवारी सकाळी निळा स्क्रीन. ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’. बाहेर अकरावीच्या प्रवेशाची पोरं मार्कशीट घेऊन उभी. “भो, आज व्हईन का नही?” पेन ड्राइव्ह लावला तर तीच रिकामी यादी. गावातल्या एका रिपेअरवाल्याने पाच मिनिटं बघितलं आणि निकाल दिला: एसएसडी उडाली, डेटा काढायचे चार हजार, नवीन डिस्क वेगळी. मी म्हटलं, बायोसमध्ये दिसते का ते तर बघ. तो म्हणाला, “भाऊ, तुम्हालाच समजतं तर मला कशाला बोलावलं?” आमचं जरा वाजलंच. दोनशे रुपये व्हिजिटचे घेऊन गेला. हे लिहायला मी त्याच रागात बसलो होतो, दोन स्टार घेऊन.

तो गेल्यावर बायोस उघडलं. डिस्क जागेवर होती. आणि कोपऱ्यात तारीख होती २०२२ सालची.

तारीख गेली म्हणजे मदरबोर्डवरचा, बायोसचं घड्याळ आणि सेटिंग सांभाळणारा सीआर२०३२ सेल मेला. सेल मेला म्हणजे बायोस आपल्या मूळ सेटिंगवर गेलं, म्हणजे पुन्हा ‘रेड ऑन’. एएचसीआयवर टाकलेल्या विंडोजला अचानक डिस्कच सापडेना. मोड परत एएचसीआय केला आणि सगळं जिथल्या तिथं, एक फॉर्म हरवला नाही. त्या माणसाचं ऐकून डिस्कच बदलली असती तर? (डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरचं बिटलॉकरचं कुलूप, चालू असेल तर बायोसमधल्या अशा बदलानंतर विंडोज त्याची ‘रिकव्हरी की’ मागू शकतं, ती आधी लिहून ठेवा. माझं बंद होतं.)

आता सेलबद्दल. साडेएकवीस हजारांच्या मशीनमध्ये विकणाऱ्याला पस्तीसचा सेल बदलवला नाही. तो बसवलाय कुठे, तर हार्डडिस्कच्या पिंजऱ्याखाली. पिंजरा काढा, वायर काढा, नखाने ती पट्टी मागे सारा, मग सेल टुणकन उडून टेबलाखाली. आणि ज्या गावात १९४५ साली विप्रो वनस्पती तुपापासून सुरू झाली, त्या गावात या सेलसाठी मी तीन दुकानं फिरलो. तिसरं घड्याळवाल्याचं.

भाच्याला सांगितलं तर त्याने विचारलं, “मामा, रात्री भिंतीच्या बोर्डावरून बटण बंद करता का?” करतो ना. आमच्या घरात आजोबांपासून करतात. तो म्हणाला, म्हणूनच. मशीनला वीज असली की बायोसचं घड्याळ तिच्यावर चालतं, सेल खर्च होत नाही. बटण बंद केलं की सगळा भार सेलवर. मी हिशोब मांडला. बंद मशीन एक वॅट खाते असं धरलं तर रात्रीचे दहा तास, वर्षाची साडेतीनच्या थोडी वर युनिटं होतात. दुकानाच्या दराने पस्तीस-चाळीस रुपये. म्हणजे सेलचीच किंमत.

पण नवा सेल एका वर्षात काही मरत नाही, हा तर कंपनीत असल्यापासूनचा जुना होता. तरी दोन घेतले. एक बसवला, दुसरा पाकिटासकट सेलोटेपने कॅबिनेटच्या आत चिकटवला, शेजारी पेनाने लिहिलं: ‘एएचसीआय’. भिंतीच्या बोर्डावरचं बटण मात्र रात्री अजूनही बंदच करतो.